माहेरची तलंग

मी तनुजाला खोटारडी म्हटलं नाही. एवढं आधीच सांगून ठेवते, कारण संस्थेत अजूनही काही लोक तसं सांगत फिरतात. मी फक्त म्हटलं, "मग काय, परजीवी एसटीनं गेला का?" पण ते चहाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत म्हटलं. लोक हसले. पोरगी कप तसाच ठेवून निघून गेली. म्हणजे अर्थ तोच झाला.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. त्यात ते दिवस होते एप्रिल दोन हजार सोळाचे. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. सलग दुष्काळ, समर्थनगरात आमच्या घरी नळाला पाचव्या दिवशी पाणी, आणि गावाबाहेर जिकडं बघावं तिकडं नव्या इमारतींचे सांगाडे. पाणी नाही आणि माणसं तर वाढताहेत, हे गणित मला सुटत नव्हतं आणि त्याचा रागही मी बहुतेक विद्यार्थ्यांवरच काढत होते.

आमचं काम थोडक्यात सांगते. कोंबड्यांना रक्ती हगवण होते. पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात बसतात, मान टाकतात, आणि चार दिवसांत अर्धं खुराडं रिकामं होतं. हे करणारा परजीवी आतड्यात राहतो, डोळ्यांना दिसत नाही. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, ओल मिळाली की तयार होतात आणि दुसऱ्या कोंबडीच्या पोटात जातात. पोल्ट्रीवाले वर्षानुवर्षं खाद्यातून औषध देतात, त्यामुळे तो आता औषधाला जुमानत नाही. आम्हाला असा परजीवी हवा होता ज्यानं औषध कधी चाखलंच नाही. त्याची जनुकं अक्षर-अक्षर वाचायची, निर्ढावलेल्याच्या शेजारी ठेवायची आणि नेमकं काय बदललं ते शोधायचं. असा साधाभोळा परजीवी खेड्यातल्या परसातच सापडणार.

म्हणून माझी संशोधक विद्यार्थिनी तनुजा दोन वर्षं खेडी पालथी घालत होती. कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, कमी बोलणारी, पण एकदा धरलं की न सोडणारी. विष्ठेचे नमुने टिकावेत म्हणून आम्ही ते एका नारिंगी द्रावणात ठेवतो. त्या बाटल्यांची पिशवी घेऊन ती एसटीत बसली की कंडक्टर विचारायचे, "ताई, सरबत विकता का?" ती म्हणायची, "पिऊन बघा."

चाळीस घरांचे नमुने आले. त्यातल्या दोन बाटल्यांनी घोटाळा केला. एक पिशोरची, एक पैठणजवळच्या ढोरकीनची. शहराच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला दुसरं, मध्ये शंभरावर किलोमीटर. आणि दोन्हींतल्या परजीवीच्या जनुकात एकाच जागी तीच अकरा अक्षरं गळालेली. बाकी अडतीस नमुन्यांत कुठंही ही खूण नव्हती.

मी सदतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत. असं दिसलं की अर्थ एकच असतो, बाटल्यांची सरमिसळ. दोन्ही नमुने एकाच आठवड्यात गोळा केलेले, एकाच दिवशी हाताळलेले. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "नाही मॅडम. मी प्रत्येक बाटली वेगळी उघडली. मला आठवतंय." मग मी ते एसटीचं बोलले.

दहा मेला समिती बसणार होती. माझ्या सहीशिवाय तिचा अहवाल पुढे जाणार नव्हता. अहवाल गेला नाही तर शिष्यवृत्ती बंद, नोंदणी रद्द, आणि "नमुन्यांत सरमिसळ करणारी" हा शिक्का जन्माचा. दुसऱ्या दिवशी मी शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलंही होतं. तेवढ्यात ती आत आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही स्वतः या पिशोरला. तुमच्या हातानं नमुना घ्या. मी बाटलीला हात लावणार नाही."

तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. मी टोपण परत लावलं.

पिशोरला फकिरा नावाच्या गृहस्थांचं घर. सत्तरीचा माणूस, ओट्यावर बसलेला, बोलायला गोड. मी फॉर्म काढला. फॉर्म माझाच, बारा वर्षांपूर्वी मी तयार केलेला आणि मला त्याचा अभिमान होता. कुटुंबप्रमुखाचं नाव, कोंबड्यांची संख्या, कोंबड्या कुठून आणल्या, कुटुंबप्रमुखाची सही.

"कोंबड्या कुठून आणल्या?" मी विचारलं.

"घरच्याच हायेत. हितंच वाढल्या," फकिरा म्हणाले. फॉर्मवर दोन वर्षांपूर्वीही हेच लिहिलेलं होतं.

आतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक म्हातारी दारात आली, पदर खोचलेला, हातात सूप.

"ह्यांना काय इचारता बाई? ह्यांना कोंबडी कालवनातच वळखू येती."

या चतुराबाई, फकिरांच्या पत्नी. फकिरांनी मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटून तंबाखू मळायला घेतली.

परसात दोनच कोंबड्या उरल्या होत्या. बाकीच्या दुष्काळात विकल्या. माणसांनाच टँकरचं पाणी मोजून, तिथं कोंबड्यांना कुठून द्यायचं? जमीन भाजलेल्या पापडासारखी. मी खाली वाकून नमुना घेतला, पण घेतानाच कळत होतं की यात काही निघणार नाही. एवढ्या कोरड्या उन्हात परजीवीची अंडी जगत नाहीत. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं, या विचारानं माझं डोकं पुन्हा तापायला लागलं. तेवढ्यात तनुजानं विचारलं, "मावशी, ही तांबडी कुठली?"

आणि चतुराबाई सुरू झाल्या. तांबडीची आई कोण, तिची आई कोण, कुठली खुडूक बसली आणि कुठली मुंगसानं नेली. अशा आठ-दहा पिढ्या झरझर मागे जात त्या एका कोंबडीपाशी येऊन थांबल्या. "तिला मी आनली. चिंचोलीहून, माझ्या माहेराहून. थोरली द्वारका झाली न् मी सासरी निघाले, तवा मायनं डाल्यात घालून दिली. आमच्यात रीतच हाय. लेक पयलं लेकरू घेऊन सासरी निघाली की तिच्यासंगं एक तलंग द्यायाची."

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, आणि डालं म्हणजे तिला न्यायची बांबूची टोपली.

"म्हणजे तुम्हीही तुमच्या मुलींना दिल्या?" तनुजा हळूच म्हणाली.

"तर! तिघींना बी. द्वारकाला दिली ढोरकीनला..."

मी फॉर्मांचा गठ्ठा उपसला. ढोरकीन, कुटुंबप्रमुख साहेबराव. "हे साहेबराव कोण तुमचे?"

"जावई माझा."

"म्हून तर म्या ह्या पोरीला सांगितलं हुतं," फकिरा मध्येच म्हणाले, "ढोरकीनला गेलीस तर साहेबरावाकडं जा, माझं नाव सांग."

"पण जावई आहेत हे का नाही सांगितलं?"

"कुनी इचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. दोन्ही घरांत कोंबड्यांचं सगळं बायकांच्या हातात, आणि मी बारा वर्षं पुरुषांच्या सह्या गोळा करत होते.

मला आणखी एक गोष्ट विचारायची होती. न विचारता राहवेना. "द्वारका सासरी गेली कशानं? जीप केली होती?"

"जीप कुठली वं बाई! एसटीनं. मांडीवर लेकरू न् पायाशी डालं."

तनुजा माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे मला कळत होतं. डाल्यातल्या गवताला, तलंगेच्या पायांना चिकटून, तिच्या पोटात लपून परजीवी एसटीनंच गेला होता. तिकीट न काढता.

पण मीही कच्च्या गुरूची चेली नाही. मी घसा साफ केला. "चतुराबाई, ही गोष्ट झाली. पुरावा नाही. बाटल्या मिसळल्या असतील तरी असंच दिसणार."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "तुमाला तुमच्या मायनं काय दिलं हुतं सासरी येताना?"

मी शिक्षण म्हणणार होते. तोंडातून भलतंच निघालं. "विरजण." परभणीहून निघताना आईनं स्टीलच्या डब्यात दिलेलं. चौतीस वर्षं झाली, आमच्या घरचं दही त्याच विरजणाचं आहे. धाकट्या बहिणीकडं पुण्यातही तेच. चव घेतली की डोळे मिटून सांगता येतं.

"मंग? ते बी जितंच असतंय की," चतुराबाई म्हणाल्या.

डॉक्टरेट माझ्याकडं आणि हे मला सांगणारी ही. मला हसू आलं आणि लाजही वाटली. तरी मी म्हणाले, "तिसऱ्या घरी तीच खूण सापडली, तर मानेन."

"मधलीच्या घरी आता कोंबडी नाय, समद्या इकल्या. धाकटी सरू तुमच्या शहरातच हाय. हर्सूलला, बिल्डिंगीवर. जावई रखवालदार हाय तिथं. गाव सोडलं, पन तलंगंच्या पोटची कोंबडी सोडली नाय तिनं." मग त्या उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्यापेक्षा हातभर बुटकी बाई, पण मी त्यांच्याकडं वर बघतेय असं मला वाटलं. "ही पोरगी मागल्या खेपेला हितं बसून माझ्याबरूबर भाकर खाऊन गेली. ती खोटं करनारी नाय. तिचं खरं निघालं तर तुमी सोता यायचं. माझ्या दारात येऊन सांगायचं, चूक माझी म्हून."

"कबूल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हर्सूलला पोचलो. तळ्याचा तळ उघडा पडला होता, भेगांतून पोरं क्रिकेट खेळत होती. पण त्या इमारतीपाशी गेलो तर पायाखाली चिखल. सहा मजल्यांचं काँक्रीट वाळून तडकू नये म्हणून टँकरचं पाणी दिवसातून तीनदा मारत होते. खांबांना ओली पोती गुंडाळलेली, पोत्यांतून पाणी ठिबकत होतं, आणि त्या ओलीत सरूच्या कोंबड्या सुखानं माती उकरत होत्या. अख्खा जिल्हा घोटभर पाण्यासाठी तडफडत होता आणि परजीवीला मात्र शहराच्या वाढीनं घर बांधून दिलं होतं. मला त्या टँकरचा संताप आला आणि त्याच क्षणी त्या ओलीचा आनंदही झाला. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते.

सरू पंचविशीची. आम्ही का आलो ते सांगण्याआधीच तिनं आमचे हात धरले. "मॅडम, तुमी कोंबड्यांच्या डॉक्टर का? पिल्लं मरायलीत माझी. रगत पडतंय."

पत्र्याच्या आडोशाला नऊ पिल्लं पिसं फुलवून बसली होती. तनुजानं पिशवीतून औषध काढलं. जुनं, स्वस्तातलं औषध. पोल्ट्रीत ते आता कुणी विचारत नाही, कारण तिथल्या परजीवीवर ते चालत नाही.

"आधी नमुना," मी म्हणाले.

"आधी औषध, मॅडम."

"तनुजा, औषध दिल्यावर अंडी मिळाली नाहीत तर तुझंच नुकसान आहे."

"मग पटकन घ्या," ती म्हणाली. बाटलीचं झाकण पुसायलासुद्धा तिनं हात पुढं केला नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली. मी चिखलात गुडघे टेकून नमुना घेतला. पलीकडच्या साइटवर बाजारातून आणलेल्या कोंबड्या होत्या, तुलनेसाठी त्यांचाही घेतला. माझी झाकणं लागेपर्यंत तनुजानं पिल्लांच्या पाण्यात औषध कालवलं होतं.

प्रयोगशाळेत मी अकरा वर्षांनी स्वतः काम केलं. पहिल्या दिवशी निम्मा नमुना सांडला. तनुजा मागं उभी राहून "मॅडम, पिपेटचं टोक बदललं नाहीत," एवढंच म्हणायची आणि मी खेकसायची, "दिसतंय मला!" दिसलेलं नसायचं. पिशोरच्या नव्या नमुन्यात अपेक्षेप्रमाणं काही निघालं नाही. अखेर हर्सूलचे नमुने बाहेरगावी अक्षरं वाचायला पाठवले. आता वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं.

वाट बघताना मला झोप लागेना. उत्तर विरुद्ध आलं तर मला शेरा लिहावाच लागणार होता. आणि मला तो लिहायचा नव्हता. विज्ञानात असं काही वाटून घ्यायचं नसतं, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. तरी देवघरासमोर उभी राहून मी म्हणाले, अकरा अक्षरं गळालेली असू देत.

आठ मेला उत्तर आलं. बाजारातल्या कोंबड्यांच्या परजीवीत काही गळालेलं नव्हतं. सरूच्या कोंबड्यांच्या परजीवीत तीच अकरा अक्षरं गायब होती. आणि पुढं, थोड्या अंतरावर, एक अक्षर बदललेलं होतं, जे पिशोरलाही नव्हतं आणि ढोरकीनलाही. बाटल्या मिसळल्या असत्या तर हे अक्षर कुठून आलं असतं? मी कागद तीनदा बघितला. मग तनुजाच्या टेबलापाशी गेले आणि तो तिच्यासमोर ठेवला.

तिनं वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, सरूची पिल्लं बरी झाली. नऊपैकी आठ. परवा जाऊन आले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुनं स्वस्त औषध या परजीवीवर चाललं होतं. आम्ही दोन वर्षं शोधत होतो तो साधाभोळा हाच, आणि तो एक नव्हता, अख्खा वंश होता. कुठून कुठं गेला, कधी गेला, कुणाच्या पहिल्या बाळंतपणाला गेला, सगळं चतुराबाईंना तोंडपाठ. असा वंशवृक्ष जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेनं लिहून ठेवला नसता.

मी अहवालावर सही केली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, "नमुने शुद्ध. प्रश्नावली सदोष." नवा फॉर्म तनुजानं केला. त्यात पहिली ओळ कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईचं नाव, आणि दुसरी, "ही कोंबडी कुणाच्या माहेरची?"

समितीनं बरेच प्रश्न विचारले. एका सदस्यांनी विचारलं की या रीतीला काही आधार आहे का. तनुजा म्हणाली, "आहे सर. पिशोरला राहतो." तिची शिष्यवृत्ती दोन वर्षांनी वाढली.

राहिला माझा शब्द. मी सरूकडं गेले, म्हटलं, तुझ्या आईकडं निघालोय, काही निरोप? ती आत गेली आणि डालं घेऊन आली. आत एक तांबडी तलंग मान वाकडी करून बघत होती.

"आयच्या परसात दोनच राहिल्यात म्हनं," सरू म्हणाली. "माहेरून समदे घेतात. मी देते एकदा."

जीप होती आमच्याकडं, संस्थेची. मी ती नाही घेतली. मध्यवर्ती बसस्थानकावर मी आणि तनुजा पिशोरच्या गाडीत बसलो, डालं माझ्या पायाशी. गाडी हर्सूल ओलांडून निघाली तेव्हा कंडक्टरनं वाकून बघितलं.

"मावशी, कोंबडीचं तिकीट पडंल."

"तिच्या पोटातल्यांचंही काढू का?" तनुजा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली, आणि मीही. औषध दिलं होतं, तरी चार-दोन परजीवी उरलेच असतील. थोडे असलेले बरे, त्यांच्याशी झुंजूनच पिल्लं घट्ट होतात.

पिशोरला ऊन कडक होतं, पावसाचा पत्ता नव्हता. चतुराबाई दारातच उभ्या होत्या, सरूनं फोन केला असणार. फकिरा ओट्यावर, शेजारच्या चार बायकाही जमलेल्या. मी डालं खाली ठेवलं आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"चतुराबाई, तनुजाचं खरं होतं. चूक माझी," मी म्हणाले. मग तनुजाकडं वळून म्हणाले, "तुझी माफी चहाच्या टेबलावरच मागायला हवी होती. तिथंही मागेन, सगळ्यांसमोर."

तनुजानं खाली बघितलं आणि डोळे पुसले. चतुराबाईंनी मात्र माझ्याकडं लक्षच दिलं नाही. त्या डाल्यापाशी बसल्या होत्या. तलंगेला बाहेर काढून त्यांनी तिचे पंख उलगडून बघितले, पाय बघितले, मग तिला छातीशी धरलं.

"वळखली का गं मला?" त्या तिला म्हणाल्या. "तुझ्या आजीच्या आजीला मीच घालवाय गेले हुते ष्ट्यांडावर."

मग त्या उठल्या, आत गेल्या आणि मातीच्या पसरट परळात पाणी घेऊन आल्या. रांजणात किती होतं कुणास ठाऊक. आधी तलंगेपुढं ठेवलं, मग आमच्यासाठी तांब्या आणला.